या बाकी १००

माझ्या मानेत गाठ आली तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आता तिसऱ्या वर्षाला आहे. उपचार संपले आहेत, दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं, आणि आजपर्यंतचे रिपोर्ट चांगले आले आहेत. हे आधीच सांगून टाकते. मी आजारी असताना असे अनुभव वाचायला घ्यायचे, तेव्हा आधी शेवटचं पान उघडून लिहिणारा माणूस वाचला की नाही ते बघायचे.

पण मला बरं होण्याबद्दल फारसं लिहायचं नाही. ते काम डॉक्टरांनी केलं. मला माझ्या एका चुकीबद्दल लिहायचंय. त्या चुकीमुळं मी उपचार अर्धवट सोडायच्या बेतात आले होते. आणि सांगताना अवघड वाटतं, पण त्या चुकीतूनच मला जे मिळालं ते आता मी कशाच्याही बदल्यात परत द्यायची नाही.

* * *

आमचं गाव पिशोर. अब्बा पिंजारी आहेत. कापूस पिंजून गाद्या, उशा, रजया भरून देतात. घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझी शाळा मराठी. अब्बाही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, त्यांना उर्दू वाचता येत नाही. काही लिहायचं झालं तर ते देवनागरीतच लिहितात, आणि लिंगवचनाची फार फिकीर करत नाहीत. ‘हा गादी’ आणि ‘ही कापूस’ असं गिऱ्हाइकांशी बिनधास्त बोलतात. मी लहानपणापासून त्यांना दुरुस्त करत आले. ते हसून म्हणायचे, आमच्या घरात एक मास्तरीण झाली. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. त्यातही मराठी विषय घेतला, याचं त्यांना फार कौतुक.

छत्रपती संभाजीनगरला मुलींच्या वसतिगृहात मी राहत होते. खोलीत माझ्यासोबत कन्नडची वैशाली. गाठ पहिल्यांदा तिनं पाहिली. मी केस वर बांधत होते, ती मागं उभी होती. ती म्हणाली, “हे काय गं तुझ्या मानंला? आवळ्याएवढं झालंय.”

मी म्हटलं सर्दीमुळं असेल.

“सर्दीनं गाठ येती व्हय? आणि महिना झाला तुला रोज ताप येतोय, ते काय प्रेमात पडलीस म्हणून?”

तिनं मला ओढतच दवाखान्यात नेलं. पुढचे तीन-चार आठवडे तपासण्यांत गेले. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, रक्त, एक्स-रे, मग गाठीचा तुकडा. त्या काळात मला खरं तर भीती वाटली नाही. रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला पुढच्या माणसाच्या पाठीशिवाय काही दिसत नाही, तसं होतं.

* * *

रिपोर्ट मिळणार होता त्या दिवशी अब्बा पहाटेच्या गाडीनं आले. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी आडवळण घेतलं नाही. म्हणाल्या, “कॅन्सर आहे, पण हा बरा होणाऱ्यांतला आहे.”

या वाक्याचा पहिला अर्धा भागच माझ्या कानात शिरला. दुसरा अर्धा भाग त्या म्हणाल्या होत्या, हे मला कित्येक आठवड्यांनी नीट आठवलं. तुम्हाला कुणी असं काही सांगणार असेल तर सोबत एक शांत डोक्याचा माणूस न्या आणि त्याला सगळं लिहून घ्यायला सांगा. आमच्याकडं तसा माणूस नव्हता. अब्बा माझ्याइतकेच बहिरे झाले होते.

मॅडमनी मला पुन्हा रक्त द्यायला पाठवलं आणि अब्बांना आत थांबवून घेतलं. रांग मोठी होती. मी परत आले तेव्हा अब्बा पाण्याच्या नळापाशी उभे होते. तोंड धुतलेलं, दाढीतून पाणी गळतंय. माझा केसपेपर त्यांनी चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात घातला. मी विचारलं, मॅडम काय म्हणाल्या?

“कुछ नई. अच्छी होती बोली.”

हे सांगताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

आम्ही चिकलठाण्याला फुफ्फीकडं निघालो. फुफ्फी म्हणजे अब्बांची मोठी बहीण. तिच्या घरी राहून मी उपचार घ्यायचे असं ठरलं होतं. सिटी बसमध्ये अब्बांना डुलकी लागली. केसपेपर खिशातून अर्धा बाहेर आला होता. डॉक्टरांचं अक्षर लागतं का बघावं म्हणून मी तो अलगद काढला. ते अक्षर लागलं नाही. मागची बाजू उलटली तर तिथं बॉलपेननं, अब्बांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, लिहिलं होतं:

या बाकी १००

सवयीनं पहिल्यांदा मनात आलं ते हे की ‘या’ चुकलंय, ‘हे’ पाहिजे. हे बाकी शंभर. दिवस हा शब्द पुल्लिंगी आहे.

वाक्य दुरुस्त करून झाल्यावर, आपण काय दुरुस्त केलं ते मला कळलं.

* * *

मी तेव्हाच विचारलं का नाही? हा प्रश्न नंतर मला सगळ्यांनी विचारला. वैशालीनं तर शिव्या घालून विचारला. अब्बा झोपले होते, आणि झोपेत त्यांचा चेहरा फार थकलेला दिसत होता. आमच्या घरात वाईट गोष्ट बोलून दाखवायची पद्धत नाही. अब्बांनी ती माझ्यापासून लपवली असेल तर मला कळलंय हे मीही त्यांच्यापासून लपवावं, असं काहीतरी मला त्या बसमध्ये योग्य वाटलं. मी कागदाच्या घड्या होत्या तशा घातल्या आणि तो परत खिशात सरकवला.

फुफ्फीकडं पोचल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर मी १०० लिहिलं. दुसऱ्या दिवशी ९९. वजाबाकी इतकी सोपी मला शाळेत कधी वाटली नव्हती.

पहिल्या सलाईनला ९३ उरले होते. दुसऱ्याला ७८. दर पंधरा दिवसांनी एक, अशा बारा वेळा ते औषध घ्यायचं होतं. मला वाटायचं, सातव्या वेळेनंतर मी नसणारच, मग बारा कशाला लिहिलेत? कदाचित फॉर्ममध्ये बाराच छापलेले असतील.

सलाईनच्या खोलीत निळ्या खुर्च्या होत्या. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली नसायची, पण माणसं आपापली धरून ठेवायची. एक औषध लालभडक होतं. ते सोडताना सिस्टर तोंडात बर्फाचा खडा ठेवायला द्यायच्या, म्हणजे तोंड कमी सोलवटतं. शेजारच्या खुर्चीत चितेगावकडचे एक शिक्षक असायचे. ते त्या लाल सलाईनला रूहअफजा म्हणायचे आणि मला सांगायचे, पोरी, आधी तू घे, पाहुण्यांना आधी. मी हसायचे. हसताना मनात येई, यांना किती सांगितले असतील?

केस तिसऱ्या आठवड्यात गेले. त्याबद्दल लोक फार विचारतात. खरं सांगायचं तर त्याचं दुःख फारसं झालं नाही. शंभरातून दिवस वजा करत बसलेल्या मुलीला केसांचं काय.

* * *

आयुष्य थोडं उरलंय हे कळल्यावर माणूस शहाणा होतो, असं मी कुठंकुठं वाचलं होतं. मी झाले नाही. एखाद्या दिवशी मला सगळं फार सुंदर दिसायचं. फुफ्फी दारात मेथी निवडत बसली की मी तिच्या बोटांकडं बघत राहायचे. दुसऱ्या दिवशी त्याच फुफ्फीवर मी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ओरडायचे. अम्मीचा पिशोरहून रोज फोन यायचा, आणि ती घरच्या बारीकसारीक गोष्टी सांगायला लागली की मी चिडून फोन ठेवून द्यायचे. एवढ्या थोड्या दिवसांत बकरीला पिल्लं झाली हे मी ऐकत बसू का, असं वाटायचं. आणि फोन ठेवला की रडायला यायचं, कारण ते पिल्लांचं मला ऐकायचं होतं.

रमजान सुरू झाला. मला रोजे धरायची परवानगी नव्हती. आजाऱ्याला माफी आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ती माफी आपल्या वाट्याला आली की आपल्याला बाहेर काढल्यासारखं वाटतं. शेजारची एक बाई फुफ्फीला हळू आवाजात म्हणाली की अल्लाह नाराज असला की असं होतं, पोरीनं तौबा करावी. मी आतून ऐकलं. मग कितीतरी दिवस आपण काय केलं असेल ते मी शोधत बसले. माझ्या एकोणीस वर्षांत शोधायला फारसं काही नव्हतं, तरी मी शोधलं. नमाज पढायला बसले की माझ्या मनात एकच दुआ असायची: तो आकडा बदल. शंभरचे दोनशे कर. दुआ कसली, ती घासाघीस होती.

अब्बा दर सलाईनला पिशोरहून यायचे. खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहायचे. दार उघडं असलं की मला दिसायचे. बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरतोय, ओठ हलताहेत. मला वाटायचं, हेही मोजताहेत. माझेच दिवस मोजताहेत. मी तोंड दुसरीकडं फिरवायचे.

ईदच्या दिवशी ५२ उरले होते. अम्मी धाकट्या दोघांना घेऊन चिकलठाण्याला आली. माझ्या तोंडात छाले होते, म्हणून तिनं शिरखुर्मा गार करून, त्यातला सुका मेवा गाळून, वाटीत आणला. ती दिवसभर पुढच्या वर्षीच्या ईदबद्दल बोलत होती. पुढच्या वर्षी तुझे केस आलेले असतील, पुढच्या वर्षी आपण पिशोरलाच करू. मी तिच्याकडं बघत राहिले. मला कळेना, हिला कुणी सांगितलंच नाही, की ही इतकं चांगलं खोटं बोलते.

परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा वैशाली घरी आली. मी म्हटलं, मला नाही भरायचा.

“मग काय करणारेस? भिताडं मोजणारेस?”

“उपयोग काय त्याचा?”

“उपयोग आमचा तरी काय होतोय? तरी भरतोच की. नापास झालीस तर हो, लई मोठी सोबत आहे तुला.” मग ती म्हणाली, “तू काहीतरी लपवतीस. मला नाय सांगायचं तर नको सांगू. पण तू लपवतीस.”

* * *

पाचव्या सलाईनच्या आदल्या दिवशी वहीत ३४ लिहिलं आणि मी ठरवलं की बस झालं. चौथ्या वेळेनंतर मी आठ दिवस आडवी होते. पुन्हा तसेच आठ दिवस गेले, तर चौतीसमधून राहतात किती? मला पिशोरला जायचं होतं. अम्मीजवळ बसायचं होतं. त्या बकरीची पिल्लं बघायची होती. मी फुफ्फीला सांगितलं, मी उद्या दवाखान्यात जाणार नाही. परवाही नाही.

फुफ्फीनं अब्बांना फोन केला. ते गाद्यांचं काम टाकून दुपारपर्यंत आले. त्यांच्या दाढीत आणि भुवयांत कापसाचे तंतू तसेच होते. ते माझ्यासमोर खाली बसले.

“कायकू नई जाती?”

मी म्हटलं, मला उरलेले दिवस घरी घालवायचेत, त्या खुर्चीत नाही.

“उरले सो दिन?”

“चौतीस,” मी म्हटलं. “मुझे मालूम है, अब्बा. मॅडमनी पहिल्याच दिवशी तुम्हाला शंभर सांगितले होते. मी कागद बघितला.”

अब्बांना काही समजेना. कौनसा कागद, कौनसे सौ, असं ते दोन-तीनदा म्हणाले. मी प्लास्टिकची फाईल ओढली, केसपेपर काढला, उलटा करून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं.

“या बाखी. सौ बार.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

ज्यांच्या घरी दखनी बोलत नाहीत त्यांना हे सांगायला हवं. आमच्या बोलण्यात ‘वक्त’चा ‘वखत’ होतो, ‘कब्र’ची ‘खबर’ होते. लहानपणी पिशोरच्या मकतबमध्ये, म्हणजे कुराण शिकायच्या शाळेत, आम्ही अल्लाहची नव्याण्णव नावं एका सुरात, डोलत म्हणायचो. त्यात शेवटी शेवटी एक नाव येतं, आणि मी ते कायम ‘बाखी’ असंच ऐकलं, ‘बाखी’ असंच म्हटलं. जो राहतो तो. सगळं गेल्यावरही जो उरतो तो. आणि ‘या’ म्हणजे ‘हे’, पण हाक मारतानाचं ‘हे’. ते नाव लिहिताना अब्बांनी मात्र शाळेत शिकलेला ‘क’ काढला होता. आणि मी, मराठीची विद्यार्थिनी, त्या हाकेला व्याकरणाची चूक समजून दुरुस्त केलं होतं. अल्लाहच्या नावातून मी सहासष्ट दिवस वजाबाकी करत होते.

फुफ्फीला सगळा उलगडा झाला तेव्हा ती हसत सुटली. “मराठी पढ पढ के अल्लाह का नाम भूल गई ये!” हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. मलाही हसू आलं, आणि ते थांबेना.

अब्बा हसले नाहीत. ते केसपेपरकडं बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. अब्बांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणत होते, मेरे लिखने से तू इत्ते दिन मरी, बेटा. मेरे लिखने से.

* * *

नंतर त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी मॅडमनी त्यांना उपचार किती महिने चालतील, पोरीला किती त्रास होईल आणि मधेच सोडायचं नाही, हे समजावलं होतं. बरं होण्याची आशा चांगली आहे, हेही सांगितलं होतं. तरी ते बाहेर येऊन तोंडावर पाणी मारत राहिले. नळापाशी एक म्हातारे हाफिजसाब, म्हणजे अख्खं कुराण पाठ असलेले गृहस्थ, भेटले, त्यांची बायको तिथंच भरती होती. त्यांनी विचारपूस केली आणि सांगितलं, रोज फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर ‘या बाकी’ शंभर वेळा म्हणत जा. विसरू नये म्हणून अब्बांनी हातात होता त्या कागदावर लिहून घेतलं.

मी विचारलं, मग सलाईनच्या वेळी बाकावर?

“तब भी वोइच. मैं दूसरा क्या कर सकता?”

थोड्या वेळानं मी विचारलं, शंभर वेळा म्हणून काय मागता? हे विचारायला मला थोडी भीती वाटत होती.

अब्बा पटकन बोलणाऱ्यांतले नाहीत. ते बोटांवरचा कापूस काढत राहिले. मग म्हणाले, पहिले काही दिवस ते एकच मागत होते. तू राहणारा आहेस, तर माझ्या पोरीलाही राहू दे. शंभर वेळा तेच. पण रोज रोज तेच नाव घेता घेता त्यांच्या लक्षात आलं, की राहणारा तो एकटाच आहे. मी नाही, तू नाही, हे घर नाही. मग मागणं आपोआप कमी होत गेलं.

“तू मेरे पास थोडे दिन को है,” ते म्हणाले. “तीस होंगे, पचास साल होंगे, थोडेच हैं. उसके पास तू हमेशा है. इधर भी, उधर भी. इत्ता समझ में आया तो मेरेकू नींद आने लगी.”

मग त्यांनी माझ्या टकलावर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “सुई तो लेना पडती. कल आठ बजे निकलेंगे.”

* * *

पाचव्या सलाईनला मी मॅडमना सगळी हकीकत सांगितली. त्या आधी हसल्या आणि मग रागावल्या. मी विचारलं, खरं सांगा, माझे किती दिवस आहेत?

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “माझेही माहीत नाहीत. पण मधेच सोडलंत, तर मग मात्र मला मोजायला लागेल.”

त्या दिवशी मला जे वाटलं ती शांती नव्हती. ती सुटका होती. सुटका चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी भीती परत आली, आणि या वेळी तिला आकडाही नव्हता. शंभर तरी धरायला काहीतरी होतं. आता दहा असतील किंवा वीस हजार. आकडा चुकीचा होता, पण आकडा असतो हे खोटं नव्हतं. तो माझा असतो, तुमचाही असतो, फक्त कुणी लिहून देत नाही.

मीही ते नाव घ्यायला लागले. सुरुवातीला अब्बांसारखंच, मागण्यासाठी. सातव्या सलाईनच्या दिवशी हाताची शीर सापडत नव्हती. सिस्टरनं तीनदा टोचलं, तिलाही वाईट वाटत होतं. माझा मोजण्यातला क्रम चुकला. किती वेळा म्हटलं ते विसरले, म्हणून मग तसंच म्हणत राहिले, न मोजता. त्यात एक विचार आला. तो मोठा नाही, पण माझा आहे, म्हणून लिहिते.

तोपर्यंत अल्लाहची मेहेरबानी म्हणजे काहीतरी मिळणं, असं मला वाटायचं. तब्येत, परीक्षेतले मार्क, केस. ते आलं की तो खूश, ते गेलं की तो नाराज. शेजारच्या बाईनं जे म्हटलं ते मला इतकं लागलं, कारण आतून मीही तेच मानत होते. पण या गोष्टी सगळ्यांकडूनच जातात. माझ्या लवकर गेल्या, बाकीच्यांच्या सावकाश जातील. मेहेरबानी जर त्यांच्याबरोबर जात असेल, तर ती असून नसून सारखीच. ती त्याच्यासारखीच असणार, राहणारी. मी जन्मायच्या आधी ती अब्बांवर होती. मी ओकाऱ्या काढत पडलेली असताना ती माझ्यावर होती, मी तिला ओळखत नव्हते एवढंच. आणि मी नसेन तेव्हा ती अम्मीवर असेल. या शेवटच्या विचारानं माझ्या छातीवरचं ओझं हललं. माझी सगळ्यात मोठी भीती मरणाची नव्हतीच, माझ्यामागं अम्मीचं काय होईल याची होती. जणू तिला सांभाळायचं कंत्राट मी एकटीनं घेतलं होतं.

हे सगळ्यांना असंच वाटेल, असं मी म्हणत नाही. तुमचा देव वेगळा असेल, किंवा नसेल. मला आजही कधीकधी भीती वाटते. पण आता भीती आली की तिच्यासोबत बसायला कुणीतरी असतं.

तर वैशालीनं मला न विचारता माझा फॉर्म भरून टाकला होता. माझा पासवर्ड तिला पाठ होता. मी डोक्याला रुमाल बांधून दोन पेपर दिले, बाकीचे जमले नाहीत. दोन्हीत पास झाले. आणि वहीतला आकडा ज्या दिवशी शून्य झाला असता तो दिवस कधी येऊन गेला, ते मला दोन दिवसांनी आठवलं. त्या दिवशी मी काय केलं, आता सांगता येत नाही.

* * *

बारा सलाईन संपल्यावर तीन महिन्यांनी मी अब्बांना घेऊन पहिल्या तपासणीचा निकाल घ्यायला गेले, त्या दिवसाचं सांगून थांबते.

बाकावर माझ्या शेजारी सिल्लोडकडची एक बाई होती. पन्नाशीची असेल. फाईल छातीशी धरून बसलेली. माझ्या भुवया तेव्हा अर्ध्याच आल्या होत्या, त्यावरून तिनं ओळखलं असावं. हळूच म्हणाली, “पोरी, तुला किती दिस सांगितले?”

मी म्हटलं, कुणीच नाही सांगितले, मावशी. मीच मनानं धरले होते, ते चुकले.

तिला ते कळलं नसावं. तेवढ्यात आतून तिचा नवरा बाहेर आला. फेटा हातात, नजर खाली. आमच्याकडं न बघता तो भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघायला लागली. काहीतरी वाचायला लागली. मला ते बघवेना.

मी म्हटलं, “त्यांच्या तोंडाकडं बघून अंदाज बांधू नका मावशी. त्यांनाच विचारा. आत्ता, इथंच.”

“कसं विचारू? त्यांनला वाईट वाटंल.”

“वाटू द्या. दोघांनी मिळून वाटून घ्या. एकेकट्यानं फार जड जातं.”

ती फाईल बाकावर ठेवून उठली, नवऱ्याजवळ गेली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “काय म्हणली डाक्टरीण? खरं खरं सांगा, मी ऐकते.”

त्यानं मान वर केली. काहीतरी बोलायला लागला. काय ते मला ऐकू आलं नाही, कारण तेव्हाच आतून माझा नंबर पुकारला. रिपोर्टमध्ये काय आहे ते मला माहीत नव्हतं. अब्बा म्हणाले, मैं आऊं? मी म्हटलं, हौ, चलो, दोनों मिल के सुनेंगे. आणि आम्ही आत गेलो.